शिरगणतीच्या वहीत पूर्वजांचा शोध

वर्गातल्या मुलांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा : तुमच्या पणजीचे नाव काय? आजोबांचे नाव बहुतेकांना सांगता येते. पणजोबांचे नाव काही जण सांगतात. पणजीच्या नावापाशी मात्र जवळजवळ सारा वर्ग थांबतो. 'आईच्या आईची आई' असा प्रश्न केला तर शिक्षकांनाही घरी जाऊन विचारावे लागेल. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. त्यामुळे नाव मिळाले तरी ते सासरचे की माहेरचे, हा प्रश्न उरतोच.

गणिताने पाहिले तर प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. दहा पिढ्या मागे गेलो की ही संख्या १०२४ होते आणि तीस पिढ्यांमागे ती शंभर कोटींच्या वर जाते. एवढी माणसे त्या काळी पृथ्वीवर नव्हतीच. याचा अर्थ तेच तेच पूर्वज वंशवृक्षात पुन्हा पुन्हा येतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्याच्या मुलांना आठ नव्हे, सहाच पणजीपणजोबा असतात. कागदावर वृक्ष काढून मुलांना हे पडताळून पाहता येईल.

पण संख्या काढणे सोपे असते, नावे मिळवणे अवघड. ज्या देशांत जनगणनेचे मूळ कागद जपून ठेवले गेले, तिथे सामान्य शेतमजुराच्या आणि मोलकरणीच्या वंशजांनाही ती मिळू शकतात. राजेरजवाड्यांच्या वंशावळी सगळीकडेच असतात. ज्याच्या नावावर जमीन नाही, मृत्युपत्र नाही, त्याचे नाव सरकारी कागदावर येण्याची एक मोठी संधी म्हणजे जनगणना. हे कागद काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि आपल्या देशात ही वाट बंद का आहे, हे आपण या लेखात पाहणार आहोत.

मोजणे वेगळे, नाव लिहिणे वेगळे

माणसे मोजण्याची पद्धत फार जुनी आहे. कर बसवायचा किंवा सैन्य उभे करायचे तर माणसे किती, घरे किती, हे राज्यकर्त्याला कळावे लागते. मराठी दप्तरांतला 'खानेसुमारी' हा शब्द घरांच्या अशाच मोजणीसाठी वापरला जाई. पण अशा मोजणीत प्रत्येक माणसाचे नाव लिहिण्याची गरज नसते.

आधुनिक काळातही सुरुवात नुसत्या मोजणीनेच झाली. अमेरिकेच्या राज्यघटनेने दर दहा वर्षांनी लोकसंख्या मोजण्याचे बंधन घातले आणि १७९० साली पहिली जनगणना झाली. लोकसंख्या भरली सुमारे ३९ लाख २९ हजार. यादीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. त्याच्यापुढे पाच रकाने : सोळा वर्षे व त्यावरचे स्वतंत्र गोरे पुरुष, सोळाच्या आतील स्वतंत्र गोरे पुरुष, स्वतंत्र गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसे आणि गुलाम. बायको, मुले, म्हातारी आई हे सगळे या रकान्यांतले आकडे.

ब्रिटनमध्ये पहिली जनगणना १८०१ साली झाली. तिथेही पहिल्या चार जनगणनांत बहुतेक ठिकाणी नुसते आकडेच गोळा केले गेले. ६ जून १८४१ च्या जनगणनेत प्रथमच घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहिण्याचा नियम झाला. मात्र पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे होते. चौतीस वर्षांचा माणूस कागदावर तीस वर्षांचा होई. जन्मगावाऐवजी 'याच काउंटीत जन्म : होय किंवा नाही' एवढेच विचारले होते आणि घरातल्यांचे परस्परांशी नाते विचारलेच नव्हते. एका छपराखालचे दोघे भाऊबहीण की नवराबायको, हे तर्कानेच ठरवावे लागते. १८५१ साली नेमके वय, कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे गाव हे तीन प्रश्न आले, आणि त्यांनी वंशशोधाची वाट एकदम रुंद केली. जन्मगाव कळले की त्या गावच्या चर्चचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर उघडता येते.

अमेरिकेत हा बदल १८५० साली झाला. त्यामागे लेम्युएल शॅटक याचे मोठे काम होते. हा गृहस्थ काही काळ डेट्रॉइटमध्ये शाळामास्तर होता, पुढे पुस्तकविक्रेता झाला. १८४५ साली बोस्टन शहराची जनगणना त्याने केली आणि तीत प्रत्येक माणसाचे नाव स्वतंत्रपणे नोंदवले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या वंशावळी-अभ्यासकांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकीही तो एक होता. रोग कोणत्या वयात, कोणत्या धंद्यातल्या माणसांना गाठतो हे समजायचे असेल तर कुटुंबाची बेरीज उपयोगाची नाही, माणसागणिक नोंद हवी, असे त्याचे मत होते. १८५० च्या देशव्यापी जनगणनेचे तक्ते आखताना त्याचा सल्ला घेतला गेला. आरोग्यशास्त्रासाठी केलेली सुधारणा अशी वंशशोधाच्याही कामी आली.

नावाच्या जागी क्रमांक

पण १८५० ची ही सुधारणा सर्वांसाठी नव्हती. स्वतंत्र माणसांचा एक तक्ता होता, गुलामांचा दुसरा. मूळ मसुद्यात गुलामांचीही नावे लिहावीत असे सुचवले होते. दक्षिणेकडील सिनेट सदस्यांनी त्याला विरोध केला आणि नावाच्या जागी क्रमांक आला. म्हणून १८५० आणि १८६० च्या या तक्त्यांत नाव आहे ते मालकाचे. त्याखाली १, २, ३ असे क्रमांक आणि प्रत्येकापुढे वय, लिंग, रंग, पळून गेला असल्यास तशी नोंद. १८६० साली अशी सुमारे ३९ लाख ५३ हजार माणसे मोजली गेली. शेतावरच्या प्रत्येक माणसाला घरच्यांनी हाक मारायचे नाव होते. ते प्रगणकाला विचारून लिहिता आले असते. ते लिहायचे नाही, असा निर्णय घेतला गेला होता.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. १८७० ची जनगणना ही या सर्व माणसांची नावे, आडनावांसकट, लिहिणारी पहिली जनगणना. आज आपल्या कुळाचा शोध घेणारे आफ्रिकन-अमेरिकन लोक १८७० पर्यंत बऱ्यापैकी सहज पोहोचतात आणि तिथे अडतात. या अडथळ्याला ते '१८७० ची भिंत' म्हणतात.

ही भिंत ओलांडायची कशी? पद्धत शिकण्यासारखी आहे. समजा, १८७० च्या यादीत एका काउंटीत एक कुटुंब मिळाले : नवरा ३५ वर्षांचा, बायको ३०, मुले १४ आणि ११ वर्षांची. दहा वर्षे वजा केली तर १८६० साली ही माणसे २५, २०, ४ आणि १ वर्षाची असणार. आता त्याच काउंटीतल्या १८६० च्या गुलामांच्या तक्त्यात असा मालक शोधायचा, ज्याच्या नावाखाली त्या त्या वयाचे पुरुष, स्त्री आणि मुले आहेत. तक्त्यातली माणसे पुष्कळदा कुटुंबवार नसून उतरत्या वयाने लिहिलेली असतात, म्हणून चौघांना वेगवेगळ्या ओळींतून वेचावे लागते. शिवाय नवऱ्याचा मालक एक आणि बायकोचा दुसरा, असेही असू शकते. मुक्त झालेल्या काहींनी जुन्या मालकाचे आडनाव लावले, पण सगळ्यांनी नाही. म्हणून आडनावावरून मालक ठरवता येत नाही.

एवढे जुळले तरी तो पुरावा होत नाही, अंदाज होतो. मग मालकाचे मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची वाटणी, जमिनीचे व्यवहार पाहायचे. या कागदांत गुलामांची नावे सापडतात, कारण वारसांमध्ये वाटणी करायची तर कोणता माणूस कुणाच्या वाट्याला, हे लिहावेच लागे. मुक्त गुलामांसाठी १८६५ साली निघालेल्या आणि १८७४ साली बुडालेल्या बँकेची खातेदारांची रजिस्टरे आहेत. त्यांत खातेदाराचे आईबाप, भावंडे, कधी जुना मालक यांची नावे मिळतात. ज्यांनी माणसाला मालमत्ता म्हणून लिहिले, त्यांच्याच हिशेबाच्या वह्यांतून आज त्या माणसाचे नाव परत मिळवावे लागते.

या शोधाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती अ‍ॅलेक्स हेली याच्या 'रूट्स' या १९७६ सालच्या पुस्तकाने. आजीकडून ऐकलेल्या गोष्टींतला टॉम मरे हा लोहार त्याला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, १८७० च्या जनगणनेच्या सूक्ष्मपटावर, नॉर्थ कॅरोलिनातील अ‍ॅलामान्स काउंटीच्या यादीत बायकामुलांसह सापडला. घरात सांगितलेली गोष्ट आणि सरकारी कागद यांची गाठ पडली. पुस्तकाचा त्यामागचा भाग मात्र टिकला नाही. पूर्वज १७६७ साली एका जहाजातून अमेरिकेत आला असे हेलीने मांडले होते. गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या अभ्यासक दांपत्याने १९८१ साली दाखवून दिले, की त्याने पूर्वज मानलेला टोबी हा गुलाम त्या आधीच व्हर्जिनियातल्या मालकाच्या कागदांत हजर आहे. १८७० पर्यंतची साखळी कागदाने जोडलेली होती. त्यामागे काही कड्या इच्छेने जोडल्या गेल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुराव्याची किंमत समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वय, स्पेलिंग आणि एक युक्ती

दहा वर्षांनी माणसाचे वय दहाने वाढायला हवे. जनगणनेच्या कागदावर ते तसे वाढतेच असे नाही. एका यादीत ३० वर्षांची बाई पुढच्या यादीत ३८ ची असते आणि त्यापुढच्या यादीत ५० ची. यात लबाडी असतेच असे नाही. जन्मतारीख ठाऊक नसलेला माणूस वय विचारले की ०, ५ अशा अंकांवर थांबतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ हे मोजतात. २३ ते ६२ या वयांतल्या माणसांपैकी ज्यांचे वय ० किंवा ५ ने संपते, अशांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश असायला हवे. ते जितके जास्त, तितकी वयाची माहिती कच्ची. भारतातील जुन्या जनगणनांत हा प्रकार ठळक दिसतो. म्हणून पूर्वज शोधताना वयात पाचसात वर्षांचा फरक सोडून द्यायचा आणि संपूर्ण कुटुंब जुळते का ते पाहायचे. एक नाव योगायोगाने जुळते. नवरा, बायको आणि तीन मुलांची नावे क्रमाने योगायोगाने जुळणे अवघड.

दुसरी अडचण स्पेलिंगची. प्रगणक कानाने ऐकून लिहिणार, सांगणाऱ्याला लिहिता येत नसणार. एकच आडनाव तीन जनगणनांत तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. यावर १९१८ साली रॉबर्ट रसेल या अमेरिकनाने एका युक्तीचे पेटंट घेतले. तिच्यातून पुढे 'साउंडेक्स' ही पद्धत आली. आडनावाचे पहिले अक्षर ठेवायचे. बाकीच्या अक्षरांतून स्वर आणि 'एच', 'डब्ल्यू', 'वाय' गाळायचे. उरलेल्या व्यंजनांचे उच्चारांप्रमाणे सहा गट करून प्रत्येक गटाला एक अंक द्यायचा. 'बी', 'पी', 'एफ', 'व्ही' यांना १. 'डी', 'टी' यांना ३. 'एम', 'एन' यांना ५ आणि याप्रमाणे. तीन अंक झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्य लावायचे. स्मिथ हे आडनाव 'आय' घालून लिहा की 'वाय' घालून, खूण येते एस-५३०. दोन्ही कार्डे एकाच खणात जातात.

प, फ, ब, भ या ओठांनी उच्चारायच्या वर्णांना एकत्र ठेवण्याची कल्पना मराठी शिक्षकांना नवी वाटणार नाही. आपली वर्णमालाच उच्चारस्थानांच्या वर्गांत मांडलेली आहे. मराठी आडनावांसाठी अशी सांकेतिक पद्धत तयार करणे हा वरच्या वर्गातल्या मुलांसाठी चांगला उपक्रम होईल.

ही सूची करण्याचे काम १९३० च्या दशकात अमेरिकेने हाती घेतले, त्याचे कारणही सांगण्यासारखे आहे. १९३५ साली वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला. वय सिद्ध करायला अनेकांकडे जन्मदाखला नव्हता. मग मंदीत बेकार झालेल्या माणसांना कामाला लावून जुन्या जनगणनांची साउंडेक्स कार्डे तयार केली गेली. १८८० च्या जनगणनेतली तर ज्या घरांत दहा वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल होते, तेवढीच घरे घेतली. कारण पेन्शनीच्या वयाला आलेली माणसे म्हणजे तीच मुले. पुढे १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेतली सुमारे तीन कोटी नावे हजारो स्वयंसेवकांनी उतरवून काढली. २०२२ साली खुल्या झालेल्या अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेची पहिली कच्ची सूची तर हस्ताक्षर वाचणाऱ्या संगणकाने केली आणि तिच्यातल्या चुका नागरिकांनी दुरुस्त केल्या.

आग, रद्दी आणि कुलूप

कागद जपले जातात तसे नष्टही होतात. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत जळले आणि विझवायच्या पाण्यात भिजले. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये अशीच आगीत गेली. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर जळाले आणि १८६१ ते १८९१ चे त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट झाले होते. म्हणून आयरिश कुटुंबांना मुख्य आधार उरतो तो १९०१ आणि १९११ च्या याद्यांचा.

जे उरले ते लगेच कुणाला दाखवत नाहीत. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत बहात्तर वर्षांनी कागद खुले होतात. ऑस्ट्रेलियात नावांचे कागद नष्ट करण्याचा रिवाज होता. २००१ पासून तिथे 'तुमचे नाव ९९ वर्षांनी खुले करावे का?' असे प्रत्येकाला विचारले जाऊ लागले. ही गुप्तता अनाठायी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या स्वतःच्याच नागरिकांना छावण्यांत कोंडले, तेव्हा ती माणसे कोणत्या भागात किती राहतात हे १९४० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून काढले होते. नावाची नोंद माणसाला इतिहासात जागा देते, तशीच ती त्याला सत्तेच्या हातीही देते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असतात.

आपल्याकडे काय झाले?

भारतात १८६५ ते १८७२ या काळात प्रांतोप्रांती निरनिराळ्या वेळी मोजणी झाली. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी प्लाउडन यांच्या देखरेखीखाली देशभर एकाच वेळी पहिली जनगणना झाली. सुमारे २५ कोटी ३९ लाख माणसे मोजली गेली. तक्त्यात नावाचा रकाना होता. पण ज्या घरांत स्त्रियांची नावे सांगायला हरकत घेतली जाई, तिथे नावाऐवजी नुसते 'स्त्री' असे लिहिण्याची मुभा प्रगणकांना होती. अमेरिकेत गुलामांची नावे कायदा करणाऱ्यांनी गाळली. इथे घरच्यांनी गाळली तरी चालणार होते.

तरी ही नावे जपली असती तर मोठा ठेवा झाला असता. तसे झाले नाही. सरकारला हवे होते ते जात, धर्म, भाषा, धंदा यांचे तक्ते. ते छापून झाल्यावर मूळ कागद रद्दीत गेले. म्हणून आपल्याकडे १८८१ चे, १९०१ चे किंवा १९३१ चे जाडजूड अहवाल वाचायला मिळतात; एखाद्या जिल्ह्यात कोणत्या जातीची किती माणसे होती हे कळते; पण त्यांतल्या एकाचेही नाव कळत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रत्येकाची माहिती गुप्त ठरवली. हे कागद कुणाला तपासता येत नाहीत आणि सामान्यपणे न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

याला एक अपवाद झाला, तो आसामात. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून तिथे गावोगावच्या माणसांची नावे उतरवून नागरिकांची नोंदवही तयार केली गेली होती. २०१५ पासून तिचे अद्ययावतीकरण सुरू झाले. अर्जदाराने दोन गोष्टी दाखवायच्या : आपल्या पूर्वजाचे नाव १९५१ च्या वहीत किंवा २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपर्यंतच्या मतदारयाद्या वगैरे कागदांत आहे, आणि आपण त्याच पूर्वजाचे वंशज आहोत. एकाच पूर्वजाचे नाव सांगणाऱ्या सर्व नातलगांनी काढलेले वंशवृक्ष एकमेकांशी ताडून पाहिले गेले. म्हणजे हौशी माणूस सुट्टीत करतो तो वंशशोध इथे कोट्यवधी माणसांना सक्तीने करावा लागला. वयांतला फरक, स्पेलिंगमधला फरक, या वर सांगितलेल्या साऱ्या अडचणी आल्या. पण इथे चुकीची किंमत नागरिकत्व होती. सर्वांत अधिक अडचण झाली ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या स्त्रियांची. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, मतदारयादीत नाव नवऱ्याबरोबर. मग आपण अमुक बापाची मुलगी आहोत हे दाखवायचे कशाने? अनेकींचा आधार ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर होता आणि तो ग्राह्य धरायचा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर पडताळणीच्या अटीवर तो जोडपुरावा म्हणून मान्य झाला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीत सुमारे ३ कोटी ११ लाख नावे होती. १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली.

मग पणजीचा माग कुठे?

महाराष्ट्रात जनगणनेचे दार बंद असले तरी इतर दारे आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गावकुळासह मिळतात. गावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. जमिनीचे जुने उतारे आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल आहेत. आणि शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर आहे : मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, गाव. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा हीच कोतवाल बुके आणि शाळांची रजिस्टरे बाहेर काढली गेली, आणि मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हेही सर्वांच्या लक्षात आले.

समुद्रापलीकडच्या एका दप्तराचाही उल्लेख करायला हवा. १८३४ पासून करारावर मॉरिशसला गेलेल्या सुमारे साडेचार लाख भारतीयांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. प्रत्येकाला क्रमांक दिला गेला; पण क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, गाव, वय आणि अंगावरची खूणही लिहिली गेली, स्त्रियांचीसुद्धा. १८६० च्या दशकापासून काहींची छायाचित्रेही आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरे आहेत. मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या या नोंदींतून तिथली मराठी माणसे आज आपल्या गावाचे नाव शोधतात. जी पणजी कोकणातच राहिली, तिची एवढीही नोंद झाली असेल असे सांगता येत नाही.

शिक्षकांच्या हातातले काम

आम्हाला वाटते, या विषयात शिक्षकांइतका जवळचा दुसरा कुणी नाही. आपल्या देशात घरोघर जाऊन जनगणनेचा तक्ता भरणारा प्रगणक बहुधा शिक्षकच असतो. कोविडमुळे २०२१ ची जनगणना पुढे गेली आणि २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. त्या कामात बाईंचे नाव 'मिसेस अमुक' असे न लिहिता तिचे स्वतःचे पूर्ण नाव विचारून लिहिणे, म्हाताऱ्या माणसाचे वय नुसते 'साठ' न लिहिता एखाद्या ठळक घटनेच्या आधाराने, १९७२ च्या दुष्काळात तुम्ही किती वर्षांचे होतात असे विचारून काढणे, हे त्याच्याच हाती असते.

वर्गात करण्यासारखेही पुष्कळ आहे. मुलांनी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी बोलून तीन पिढ्यांची नावे, जन्मगावे आणि कामधंदे लिहून आणावेत. स्त्रियांची माहेरची नावे आवर्जून विचारावीत. प्रत्येक नावापुढे 'ऐकीव' की 'कागदावर पाहिलेले' हे लिहावे. शाळेच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या रजिस्टरातल्या जन्मतारखा घेऊन किती मुलांचा जन्म १ जूनला झालेला दाखवला आहे, हे मोजावे. वयाच्या पाचाच्या पटीसारखीच ही गंमत आहे आणि नोंद कशी तयार होते ते तिच्यावरून चांगले समजते. हे काम शाळेतच, जातीचा रकाना झाकून करावे. वंशवृक्ष काढायला लावतानाही जपावे. एखाद्या मुलाला वडील ठाऊक नसतात, कुणी दत्तक असते, कुणाच्या घरी जुने बोलणे दुखरे असते. जिथे नाव मिळत नाही, तिथे रिकामी चौकट ठेवावी आणि ते नाव का मिळाले नाही याचे कारण शोधू द्यावे. बऱ्याचदा इतिहास त्या कारणातच असतो.

शेवटची विनंती शाळेच्या कपाटाबद्दल. वाळवी, ओल आणि 'जुने रद्दी' म्हणून केलेली सफाई यांत आजवर पुष्कळ रजिस्टरे गेली आहेत. उरलेली कोरड्या जागी ठेवावीत, कापडात बांधावीत, जमल्यास त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. एखाद्या गावात पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलीचे नाव त्या एकाच ओळीत लिहिलेले असेल आणि दुसरीकडे कुठेच नसेल.